उजवा हात वर

ड्रमकाल,
मार्च, गुरुवार

प्रिय लॉर्कन,

'प्रिय' हा शब्द पत्राच्या डोक्यावर लिहायचा असतो म्हणून लिहिला. शाळेत मास्तरांनी तसं शिकवलं होतं. मी शाळेत फार दिवस टिकलो नाही, त्यामुळे जे थोडं शिकलो ते मोडायची भीती वाटते. त्याचा दुसरा काही अर्थ काढू नकोस. पाकिटावरचं अक्षर तू ओळखणार नाहीस, पण खालचं नाव वाचून तू पत्र मिटून ठेवायला बघशील हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगतो, हे पत्र शिव्यांचं नाही. शिव्या द्यायच्या होत्या तेव्हा मी दारात उभा राहून दिल्या, आणि त्या मी परत घेतलेल्या नाहीत.

लिहितो आहे ते ओरनच्या खेळण्याबद्दल. माझ्या फर्गलचा मुलगा आता आठ वर्षांचा झाला. येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारपासून तो हातात काठी घेऊन हर्लिंग खेळणार की घरात बसून राहणार हे ठरायचं आहे, आणि मला आवडो न आवडो, ते तुझ्या आणि माझ्या हातात येऊन पडलं आहे. बाकी कुणाच्या हातात असतं तर मी पेन उचललं नसतं. माझी बोटं आता वळत नाहीत, एक ओळ लिहिली की दोनदा थांबावं लागतं.

आमच्या ड्रमकालमध्ये नऊ वर्षांखालची पोरं उरली आहेत सहा, त्यातही दोन मुली. मैदानात उतरायला सात लागतात. दुधाची क्रीमरी कधीच बंद झाली, शाळेत आता एकाच खोलीत शेगडी पेटते, आणि ज्यांना पोरं व्हायची ते डब्लिनला नाहीतर पर्थला जाऊन बसले आहेत. तुमच्या किलशॅनमध्ये बरं आहे म्हणतात, पण तुमचंही एखादं पोर गोवरानं पडलं की गाडं अडतं. ज्या चर्चच्या हद्दीत राहायचं त्याच गावाकडून खेळायचं, हा आपल्याकडचा कायदा दहा आज्ञांच्या खालचा अकरावा. मोठ्यांसाठी तो कुणी मोडू देत नाही. पण एवढ्या लहानांसाठी दोन गावांना एक होता येतं, आणि दोन्ही कमिट्यांनी ती परवानगी काढली. ओढ्याच्या दोन काठांवरून आपल्या बापजाद्यांनी एकमेकांची डोकी फोडली, आणि आता एकाच रंगाच्या जर्स्या घ्यायच्या म्हणे. तुमचा पॅकी होगन मला चर्चबाहेर म्हणाला, "मॅट, पूर्वी तुम्हा ड्रमकालवाल्यांना पंधरा माणसं उभी करून त्यात एक खेळाडू सापडत नव्हता. आता माणसंही सापडत नाहीत, हे बरं झालं, शोधायचा त्रास वाचला." मी म्हणालो, "पॅकी, तुझ्या पोराला आम्ही किलशॅनचा खांब समजायचो. चेंडू आपटून परत यायचा." असं आमचं चालतं. कुणी मेलेलं नसलं की असं चालतं.

आता जे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही ते लिहितो. तुला ठाऊक आहे, पण मला ते क्रमानं लावल्याशिवाय पुढचं सुचत नाही. तू आणि फर्गल वेगवेगळ्या गावांचे, पण कौंटीच्या पोरांच्या संघात मैदानाच्या मधोमध तुम्ही दोघं जोडीनं खेळलात. तू माझ्या स्वयंपाकघरात जेवलास. माझी बायको पेग जिवंत होती तेव्हा ती तुला जास्तीचा बटाटा वाढायची आणि फर्गल कुरकुरायचा. मग तुमची लग्नाची वयं झाली, त्याचं झालं, तुझं राहिलं, खेळणं सुटलं, आणि थर्ल्सला सामना बघायला जाणं तेवढं उरलं. तसाच सामना बघून तुम्ही परत येत होता. गाडी तुझी, चालवत तू. पाऊस होता. खाणीजवळच्या वळणावर गाडी भिंतीवर गेली, तुझा खांदा मोडला, आणि तो गेला. कोर्टात सांगितलं की तू प्यायला नव्हतास. वेग जास्त होता, एवढंच. एवढंच, हा शब्द वकिलानं वापरला. ओरन तेव्हा तीन वर्षांचा होता, त्याला बाप आठवत नाही, बापाचं हेल्मेट आठवतं.

तू दारात आलास तेव्हा मी तुला आत घेतलं नाही. पुन्हा आला असतास तर पुन्हाही घेतलं नसतं. पण माणूस खिडकीत बसून असतो, आणि आमच्या खिडकीतून रस्ता दिसतो. तुझं लायसन्स कोर्टानं परत देऊन बरेच दिवस झाले असं पोस्टमननं सांगितलं. तरी तू चालतोस. पिवळं चमकतं जॅकेट घालून, को-ऑपच्या दुकानात सकाळी कामाला जातोस, संध्याकाळी येतोस, पावसात, गारांत. लोक गाडी थांबवतात, तू हात हलवून नको म्हणतोस. पहिल्या वर्षी मला वाटायचं, नाटक करतोय. दुसऱ्या वर्षी वाटलं, करू दे. नंतर मी काही वाटून घेणं सोडलं. तू दिसलास की केटल चढवायची वेळ झाली असं मी समजतो.

ते असो. गेल्या महिन्यात दोन गावांच्या पोरांना तुमच्या मैदानावर एकत्र बोलावलं होतं, जमतंय का बघायला. तू तिथे शिकवणारा असशील हे मला नुआलानं आदल्या दिवशी सांगितलं. नुआला ब्रॉफी आमच्या बाजूनं पोरांचं बघते. ती म्हणाली, "मॅट, लॉर्कननं सगळे कोर्स केलेत, पोलिसांकडून चौकशीचा कागद आलाय, कमिटीनं सगळं वाचून त्याला घेतलंय. तुम्हाला नको असेल तर ओरनला आणू नका, कुणी नावं ठेवणार नाही." सून ग्रॉनियाला मी काही बोललो नाही, ते तिच्या कानावर आधीच होतं. ती पोराचा डबा भरता भरता म्हणाली, "तो याच्या बापाचा मित्र होता म्हणून याला खेळू नको म्हणायचं का आता." मग सूनबाईनं डब्याचं झाकण दोनदा दाबून लावलं. तिला त्या दिवशी सुट्टी होती म्हणून तिच्याच गाडीतून आम्ही आलो. एरवी शनिवारी तिची वृद्धाश्रमात पाळी असते.

मला हे नवे नियम पटत नाहीत, तेही सांगून टाकतो. आमच्या वेळी लहानांचा संघ असा नव्हताच. मोठ्या पोरांत ढकलायचे, चांगला असलास तर खेळलास, नसलास तर गोलामागे उभा राहून चेंडू आणून दे. मी गोलामागेच वाढलो. आता म्हणे प्रत्येक पोरानं सारखाच वेळ खेळलं पाहिजे, कुणाला बाहेर बसवायचं नाही. एका बाजूला पोरं कमी पडली तर दुसऱ्या बाजूनं उसनी द्यायची. गोल मोजायचे नाहीत, कप नाही, पदक नाही, कुठे छापून आणायचं नाही. चेंडू हलका, मैदान रुमालाएवढं, हेल्मेट आणि तोंडासमोरची जाळी असल्याशिवाय रेषेच्या आत पाऊल टाकायचं नाही. हे हेल्मेटचं मला पटतं. माझ्या वर्गातल्या एकाचा डोळा गेला होता, तो मास्तरांना फळा दिसत नाही म्हणून सांगायचा आणि मार खायचा. पण गोल न मोजणं? मी नुआलाला विचारलं, "हरणं-जिंकणं नाही तर धावायचं कशाला?" ती म्हणाली, "मॅट, तुम्ही जन्मभर हरलात, तुम्हाला तर आनंद व्हायला हवा." आणि परत येताना गाडीत ओरन म्हणाला, "आजोबा, सहा-चार. पण सांगायचं नसतं." पोरं मोजतातच. न मोजायचा नियम मोठ्यांसाठी आहे, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवशी आणखी एक नियम होता, तो तुला आठवत असेल. गप्प बसायचा दिवस. पोरांच्या सामन्यांत वर्षातून एकदोनदा तो पाळतात, कडेला उभ्या असलेल्यांनी तोंडातून शब्द काढायचा नाही, म्हणजे पोरांना ओरडा न खाता खेळता येतं. नुआला सगळ्यांना लॉलीपॉप वाटत आली. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मॅट, तुम्हाला दोन देऊ का?" तर असे आम्ही दोन गावांचे बाप, आया, आजे, सगळे गार वाऱ्यात तोंडात काडी धरून एका रांगेत उभे. पॅकी होगन माझ्या शेजारी, त्याच्या दातांची कवळी त्या गोळीला चिकटली होती आणि त्याला तेही सांगता येत नव्हतं. हसायची गोष्ट होती. हसलो असतो.

तू पोरांना अर्धगोलात बसवलंस आणि काठी कशी धरायची ते दाखवलंस. उजवा हात वर, डावा खाली. लहान पोराला ते उलटं वाटतं, ज्या हातात जोर तो त्याला खाली लागतो, फावडं धरल्यासारखा. तुझ्याकडे लाल चिकटपट्टी होती. काठीच्या वरच्या टोकाला एक वेढा आणि पोराच्या उजव्या मनगटाला एक वेढा, आणि सांगितलंस, लाल लालला भेटलं पाहिजे. चांगली युक्ती आहे. आमचे मास्तर सुतळीनं हात बांधायचे. तू एकेकासमोर गुडघ्यावर बसत होतास, त्याचा हात हातात घेऊन काठीवर ठेवत होतास, पट्टी दातांनी तोडत होतास. ब्रॉफीची मुलगी, होगनचा नातू, ती जुळी. मग ओरन. तू त्याच्यासमोर बसलास. त्यानं काठी उलटीच धरली होती, बाप लहानपणी धरायचा तशी. तुझा हात पुढे आला. त्याच्या मनगटापर्यंत आला. आणि मग तू तो मागे घेतलास, उठलास, आणि पुढच्या पोराकडे गेलास.

एवढं मोठं मैदान आणि एकाच्याही तोंडून आवाज निघाला नाही. नियमच होता. सगळ्यांनी बघितलं, लॉर्कन. दोन्ही गावांनी बघितलं. पॅकीनं तोंडातली काडी काढली, माझ्याकडे बघितलं, आणि परत तोंडात घातली. ग्रॉनिया गाडीकडे चालत गेली. एरवी कुणीतरी खोकलं असतं, कुणीतरी पोरांना हाक मारली असती, पावसाचं काहीतरी बोललं असतं, आणि ती वेळ निभावली असती. त्या दिवशी तेवढी झाकायची सोय नव्हती. आणि मध्ये ओरन, हात पुढे करून बसलेला, पट्टी लावून घ्यायला.

तू असं का केलंस ते मला कळतं. माझ्यासमोर त्या पोराला हात लावायचा तुला धीर झाला नाही. की मी रेषेवर आहे हे तू विसरला होतास आणि काठीवरचे ते हात बघूनच तुझा हात थांबला, ते तुझं तुला माहीत. मी त्यावर रात्र-दिवस विचार केला आहे आणि दोन्ही मला खरं वाटतं. पण पोराला यातलं काय कळणार. तो सगळा वेळ उलट्या हातांनी खेळला. चेंडू त्याच्या काठीखालून जायचा, तो मागे वळायचा, तोवर चेंडू दुसरीकडे. कुणी त्याला रागावलं नाही. मी रागावलो असतो, पण माझ्या तोंडात लॉलीपॉप होता.

घरी आल्यावर त्यानं हेल्मेट काढलं नाही. जेवायला बसतानाही जाळी तोंडासमोर. ग्रॉनिया म्हणाली, "काढ ते, बटाटा आत कसा जाणार." मग काढलं. मग मला म्हणाला, "आजोबा, त्या माणसाला मी आवडलो नाही का? सगळ्यांना पट्टी दिली. मी रांग पण मोडली नव्हती." ग्रॉनियानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो की पट्टी संपली असेल. तो म्हणाला, "नाही संपली. माझ्यानंतरच्याला दिली." मग मी म्हणालो की बटाटा गार होतोय.

तेव्हापासून तो शाळेतून आला की आमच्या गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारत बसतो. मी शेजारी बादली उलटी घालून बसतो आणि उजवा वर, उजवा वर असं म्हणत राहतो. तो ठेवतो. चेंडू भिंतीवरून परत आला की हात पुन्हा खाली. मी जवळ जाऊन धरून ठेवायला बघतो, पण माझी बोटं त्याच्या बोटांभोवती मिटत नाहीत, आणि तो म्हणतो, "आजोबा, टोचतं." त्याच्या आईला मी म्हटलं की काठीतच खोड असेल. दुकानातली आहे, बांबूची. आपल्याकडची अ‍ॅशची झाडं, ज्यांच्या काठ्या व्हायच्या, आतून वाळत चालली आहेत, आमच्या बांधावरची अर्धी नुसती उभी आहेत, वारा आला की फांद्या पडतात. बांबूची काठी हाताला काही सांगत नाही असं मला वाटतं. ती म्हणाली, "मॅट, काठीला बोल लावू नका."

मग रविवारी नुआला आली. चहा घेतला नाही, उभ्याउभ्याच बोलली. म्हणाली की तू कमिटीला कळवलं आहेस, दोन गावांचा एक संघ होणार असेल तर तू शिकवणं सोडतोस. कारण विचारलं तर तू म्हणालास, मॅट गिल्फॉइलच्या घराला त्रास नको. मी म्हणालो, ठीक आहे. ती म्हणाली, ठीक नाही. एवढ्या पोरांमागे कोर्स केलेली दोन मोठी माणसं लागतात, एक ती आणि एक तू, बाकी कुणी कोर्स केला नाही आणि करायला उन्हाळा उजाडेल. तू नाहीस तर संघ नाही. किलशॅन कसंबसं आपल्यापुरतं चालवेल, आणि ड्रमकालची सहा पोरं घरी. पॅकी चर्चबाहेर माझा हात हातात घेऊन म्हणाला, "बरं केलं त्यानं, मॅट. तुझ्या मनासारखं झालं." जो भेटतो तो असंच तोंड करून भेटतो. जणू मी काहीतरी जिंकलो आहे.

मी खूश व्हायला हवा होतो. खरंच, मी बसून वाट बघितली खूश होण्याची. तू त्या मैदानावर नसणार, माझ्या मुलाच्या मुलासमोर गुडघ्यावर बसणार नाहीस, यात मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण डोळ्यांसमोर येतं ते एवढंच की सहा पोरांना सांगायचं, खेळ बंद. आणि ओरनला वाटणार, त्याच्यामुळे. त्याला आधीच वाटतंय की तो कुणाला आवडत नाही. आता वाटेल की तो आला आणि संघ मोडला. आणि ते खोटंही नसेल. तुझ्या त्रास नको म्हणण्यानं ज्याला त्रास व्हायचा तो आठ वर्षांचा आहे, आणि त्याला कशाचा तेही ठाऊक नाही.

म्हणून मंगळवारी मी त्याला सांगितलं. ग्रॉनियाला आधी विचारलं. ती म्हणाली, "शाळेत कुणीतरी सांगण्याआधी तुम्ही सांगा. माझ्याच्यानं होणार नाही." त्याला एवढंच ठाऊक होतं की बाबा गाडीत गेले. मी सांगितलं की गाडी दुसरा माणूस चालवत होता, तो बाबांचा मित्र होता, आणि तोच तो पट्टीवाला माणूस. म्हणालो, "त्याला तुझ्याजवळ यायची भीती वाटली, तू आवडला नाहीस असं नाही." पोर जेवत होतं. काटा हातात तसाच धरून त्यानं विचारलं, "त्याच्याकडे ती गाडी अजून आहे?" मी म्हणालो, नाही. "दुसरी?" नाही, तो चालत जातो. "कायम?" कायम, म्हणालो. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "पाऊस असला तरी?" मी हो म्हणालो. मग त्यानं कोबी बाजूला सारला आणि बटाटा खाल्ला. रडला नाही. मला भीती आहे की ते नंतर येणार आहे, मी नसताना. मला पुष्कळ भीती वाटते, लॉर्कन. रात्री हेल्मेटचा पट्टा तपासतो. ओलं गवत, निसरडं, पोरांच्या काठ्या, सगळ्याची. ज्या गोष्टीची भीती बाळगली नव्हती ती झाली, म्हणून आता बाकी सगळ्यांची बाळगतो.

त्यात गाडीची सगळ्यात जास्त. आईच्या गाडीशिवाय मी त्याला कुणाच्या गाडीत बसू देत नाही, नुआलाच्याही नाही. मूर्खपणा आहे, लोक हसतात, हसू देत. माझं लायसन्स डोळ्यांच्या डॉक्टरनं काढून घेतलं. शनिवारी ग्रॉनिया कामावर. त्यामुळे संघ राहिला तरी ओरन किलशॅनच्या मैदानावर पोचणार कसा, हा प्रश्न माझाच, मीच करून ठेवलेला.

तर पत्र लिहायचं कारण हे. तू शिकवणं सोडू नकोस. कमिटीला तसं कळव, आणि मी सांगितलं म्हणून सांग, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. आणि त्या शनिवारी सकाळी को-ऑपच्या दुकानाकडे न वळता आमच्या फाटकाशी ये. ओरन हेल्मेट घालून तयार असेल. त्याला चालवत मैदानावर ने आणि चालवत परत आण. तू नाहीतरी चालतोसच. ग्रॉनिया हो म्हणाली आहे, पण तुझ्याशी बोलायला तिला सांगू नये असंही म्हणाली आहे. नुआलाला विचारलं तर ती म्हणाली की एका मोठ्या माणसानं एका पोराला एकट्यानं नेणं नियमात बसत नाही, आणखी कुणीतरी मोठं बरोबर असावंच लागतं. म्हणून मी येईन. माझ्याशी बोलायची गरज नाही, मी मागे राहीन, माझे गुडघे तसेही पुढे राहू देणार नाहीत, तेव्हा जरा हळू चाल. मैदानावर पोचलात की त्याचा हात धर आणि जिथे असायला हवा तिथे ठेव, मी बघत असलो तरी. मी तुला माफ केलेलं नाही, हे लिहून ठेवतो, नाहीतर तुझा गैरसमज होईल. पण आमच्या फाटकापासून तुमच्या मैदानाला दुसरा रस्ता नाही, खाणीच्या वळणावरूनच जावं लागेल. तिथे भिंतीला लागून फर्गलचा क्रॉस आहे, ओरनची आई फुलं ठेवते. ओरन थांबला तर त्याच्याबरोबर थांब. तो थांबला नाही तर तूही थांबू नकोस. माझी वाट बघू नका, मी मागून येतो आहे.

फर्गलचा बाप,
मॅट गिल्फॉइल